बायकोसाठी पिस्तूल : टेक्सासमधल्या एका मराठी घरातलं प्रकरण

मी डॅलसच्या उत्तरेकडच्या उपनगरात राहते आणि टेक्सासच्या 'लायसन्स टू कॅरी'साठी, म्हणजे अंगावर पिस्तूल बाळगण्याच्या परवान्यासाठी (एलटीसी), लोकांना शिकवते. शिकायला येणाऱ्यांत आता मराठी जोडपी बरीच असतात आणि बहुतेक वेळा प्रश्न नवऱ्याचा असतो: बायकोसाठी कुठलं पिस्तूल घेऊ? त्यातलं एक प्रकरण सविस्तर लिहितेय. हात, कपडे, नोकरी, व्हिसा आणि घरातली माणसं असा सगळा गुंता त्यात एकत्र आला होता. दोघांना विचारून लिहितेय. ओळख पटेल असे तपशील गाळलेत.

ती फिजिओथेरपिस्ट. पुण्यात शिकलेली, इथली परीक्षा देऊन आता रुग्णांच्या घरी जाऊन उपचार करते. कुणाचा गुडघा बदललेला, कुणाला पक्षाघात झालेला. दिवसभर गाडीतून या घरून त्या घरी. काही घरं पार ओक्लाहोमाच्या हद्दीकडच्या गावांत, जिथे अंधार पडला की रस्त्याला एक दिवा नसतो. एका संध्याकाळी रुग्णाच्या गल्लीपासून एक पिकअप ट्रक तिच्या मागे लागला. ती वळली की तोही वळे. तिने उजेडातल्या गॅस स्टेशनवर गाडी उभी केली, 911 ला फोन लावला आणि ट्रक निघून गेला. झालं काहीच नाही. पण त्या रात्रीनंतर नवऱ्याची झोप उडाली आणि आठवड्याभरात त्याने एका दुकानात रिव्हॉल्व्हर पसंत करून थोडे पैसेही भरून ठेवले. मला फोन आला तो असा: "ताई, हिच्या वाढदिवसाला द्यायचंय. लहानसं आहे, पर्समध्ये मावेल. तुम्ही फक्त चालवायला शिकवा."

रिव्हॉल्व्हर होतं स्मिथ अँड वेसनचं 642. पाच गोळ्यांचं, .38 स्पेशल जातीच्या काडतुसाचं, दोन इंचांहूनही आखूड नळीचं, अॅल्युमिनियमच्या सांगाड्यामुळे वजन जेमतेम 410 ग्रॅम. त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. रिव्हॉल्व्हरला पिस्तुलासारखी स्लाइड, म्हणजे वरचा मागे सरकणारा भाग, ओढावी लागत नाही, मॅगझिन, म्हणजे गोळ्यांचं खोकं, नीट बसलं की नाही हे बघावं लागत नाही, एक गोळी फुसकी निघाली तर चाप पुन्हा ओढला की पुढची येते. शिवाय या मॉडेलचा घोडा आत झाकलेला, त्यामुळे कपड्यात अडकत नाही. दुकानदारानेही तेच सांगितलं होतं: लेडीजसाठी लोक हेच नेतात.

हे 'लेडीजसाठी' प्रकरण काही फक्त अमेरिकेतलं नाही. 2014 मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्याने 'निर्भीक' नावाचं .32 बोअरचं रिव्हॉल्व्हर स्त्रियांसाठी म्हणून काढलं, तेव्हाही मुख्य जाहिरात होती ती त्याच्या अर्ध्या किलो वजनाची. स्त्री म्हणजे हलकं आणि छोटं, हे समीकरण दोन्हीकडे तितकंच पक्कं आहे. आणि माझ्या मते नवशिक्याच्या हातात देण्यासाठी हलकं आणि छोटं हेच सगळ्यात अवघड हत्यार.

मी त्याला म्हटलं, दुकानातले पैसे तूर्त तिथेच राहू देत. आधी मला तिच्याशी एकटीशी बोलायचंय.

हे बोलणं मी कधीच टाळत नाही. तुला हे हवंय का, की घरात वाद नको म्हणून आलीस? घरात कुणाचा संताप हाताबाहेर जातो का? तू, तो, घरातलं आणखी कुणी सध्या फार निराश आहे का, औषधं चालू आहेत का? अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. बाहेरच्या माणसाच्या भीतीने आणलेलं शस्त्र घरातल्याच माणसाच्या वाईट रात्री हाताशी येतं, हे मला शिकवायला बसण्याआधी बोलायचं असतं. यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर मला खटकलं तर मी तिथेच थांबते आणि तसं स्पष्ट सांगते.

तिने शांतपणे उत्तरं दिली. बंदुकीची हौस तिला नव्हती. पण त्या रात्री गाडीत बसून आपल्याकडे काहीच नाही ही जाणीव झाली, ती तिला पुन्हा नको होती. "शिकून बघते. जमलं नाही तर नको म्हणेन, चालेल ना?" मला हे उत्तर फार आवडलं. नको म्हणायची मोकळीक असलेली बाईच नीट शिकते.

मग कायद्याकडे वळलो, आणि इथे आपल्या लोकांनी खरोखर कान देऊन ऐकावं. दोघांना ग्रीन कार्ड नुकतंच मिळालं होतं. त्याआधी तो एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर आणि ती त्याच्यामागे एच-4 या जोडीदाराच्या व्हिसावर होती, पुढे तिचं स्वतःचं एच-1बी झालं. या सगळ्या काळात दोघांनाही बंदूक किंवा साधं काडतूसही बाळगणं संघराज्याच्या कायद्याने गुन्हा होता. नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या वास्तव्याच्या, व्हिसावर आलेल्यांना ही बंदी आहे. शिकारीचा वैध परवाना असे मोजके अपवाद सोडले तर रेंजवर, म्हणजे गोळीबाराच्या सरावाच्या जागी, भाड्याचं पिस्तूल हातात घेणंही त्यात येतं. 2022 पासून कमाल शिक्षा 15 वर्षांपर्यंत गेली आहे. आपली मुलं वीकेंडला हौसेने रेंजवर जातात, फोटो टाकतात. मला ते फोटो बघून धस्स होतं. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेलं रेहाइफ प्रकरण अशाच रेंजवरून सुरू झालं होतं: शिक्षण सुटल्यामुळे व्हिसाचा दर्जा गेलेला एक परदेशी विद्यार्थी फ्लोरिडात रेंजवर गोळ्या झाडून आला होता. ग्रीन कार्ड झालं की ही अडचण संपते. खरेदीही करता येते आणि टेक्सासचा परवानाही मिळतो.

दुसरा मुद्दा भेटीचा. नवऱ्याने स्वतःच्या पैशाने घेऊन बायकोला खरोखरची भेट देणं कायदेशीर आहे, अर्थात तिला शस्त्र बाळगण्याची मनाई नसेल तर. पण तिने पैसे द्यायचे आणि दुकानातला 4473 क्रमांकाचा फॉर्म 'मीच खरा खरेदीदार' म्हणून त्याने भरायचा, हे चालत नाही. 2014 च्या अब्राम्स्की खटल्यात पुतण्याने काकांसाठी पिस्तूल घेतलं होतं. दोघेही स्वतःच्या नावावर घ्यायला पूर्ण पात्र होते, तरीही फॉर्मवरचं खोटं विधान म्हणून शिक्षा कायम राहिली. नवरा-बायकोचे पैसे एकाच खात्यातले असतात हे खरं, पण मी नेहमी सांगते: जिचं शस्त्र, तिने दुकानात जावं, तिने फॉर्म भरावा, तिच्या नावाने पार्श्वभूमी तपासणी व्हावी. सगळ्यात स्वच्छ रस्ता तोच.

यात नावाची एक अडचण येऊ शकते म्हणून तिला आधीच सांगून ठेवलं. ग्रीन कार्डावर मधलं नाव वडिलांचं, ड्रायव्हिंग लायसन्सवर नवऱ्याचं, पासपोर्टवर आडनाव माहेरचं, अशी आपल्याकडे सर्रास गत. एफबीआयच्या तपासणीत यामुळे लगेच 'होकार' न येता 'थांबा' येऊ शकतो. फॉर्म भरण्याआधी कागदपत्रं एकमेकांशी जुळवून घेणं सोपं. तिने तेच केलं.

आता हात. ती स्वतः हातांवर काम करणारी, त्यामुळे आमचं बोलणं भराभर झालं. मी तिला रिकामं, दोनदा तपासलेलं पिस्तूल धरायला दिलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की ती उजव्या अंगठ्यावर भार येऊ देत नाही. विचारलं तर म्हणाली, मूल झाल्यापासून आहे. तिथेच तिने अंगठा मुठीत घेतला, मनगट करंगळीकडे वाकवलं आणि तोंड वाकडं केलं. फिंकेलस्टाइन चाचणी म्हणतात तिला. अंगठ्याच्या मुळाशी मनगटावरून जाणाऱ्या स्नायूबंधांना सूज असली की कळ येते. लहान मुलांच्या आयांना आणि दिवसभर दाब देणाऱ्या फिजिओंना होणारं दुखणं, आणि ती दोन्ही होती.

या एका गोष्टीने निवड बदलली. नवऱ्याला तिचा हात 'लहान' दिसत होता. खरं तर तिच्या हाताची लांबी चांगली होती, तर्जनीचं पहिलं पेर चापावर सहज पोचत होतं. प्रश्न आकाराचा नव्हताच, झटका कुठे बसतो आणि स्लाइड कशी ओढायची याचा होता.

रेंजवर जाण्याआधी स्लाइड. बहुतेक जणी अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत स्लाइडचं मागचं टोक धरून ओढू बघतात आणि ती सरकत नाही की "माझ्यात जोर नाही" म्हणतात. घट्ट बसलेलं बरणीचं झाकण कुणी दोन बोटांच्या चिमटीने उघडत नाही, अख्खा पंजा लावतो. इथेही तेच. डावा पंजा वरून स्लाइडवर, चार बोटं एका बाजूला आणि तळव्याची टाच दुसऱ्या बाजूला, पिस्तूल छातीच्या जवळ, आणि मग डाव्या हाताने ओढायच्या ऐवजी उजव्या हाताने मूठ पुढे ढकलायची. दोन मोठे स्नायू एकमेकांविरुद्ध लागतात, अंगठा जवळपास मोकळा राहतो. यात एक धोका असतो: पिस्तूल छातीजवळ आडवं धरलं की नळीचं तोंड शेजारच्या लेनकडे वळतं. म्हणून तोंड समोरच राहील असं अंग वळवून उभं राहायला शिकवलं. मी हे समजावत होते तोवर तिने माझ्या ग्लॉक 19 पिस्तुलाची स्लाइड तीनदा ओढूनही दाखवली. "ताई, हे पिंच ग्रिप आणि पॉवर ग्रिप. मी रोज पेशंटना सांगते." नवरा बाजूला उभा राहून बघत होता. रिव्हॉल्व्हर घ्यायचं त्याचं निम्मं कारण तिथेच गळून पडलं.

रेंजवर मी टेबलावर पाच हत्यारं ठेवली. तिच्या नवऱ्याने निवडलेलं 642, रुगरचं खिशात मावणारं एलसीपी, सिगचं पी365 एक्सएल, स्मिथ अँड वेसनचं शील्ड ईझी आणि माझं ग्लॉक 19. नवऱ्याला काचेच्या पलीकडे बसवलं. तो प्रेमानेच बोलत होता, पण प्रत्येक गोळीनंतर "खांदा सैल सोड, डोळा मिटू नको" असं मागून येत राहिलं की शिकणाऱ्याचं लक्ष लक्ष्यावर राहत नाही, नवऱ्यावर जातं.

सुरुवात ग्लॉकने केली, कारण ते टेबलावरचं सगळ्यात जड. रिकाम्या मॅगझिनसह सुमारे 670 ग्रॅम, चार इंची नळी. एका वेळी मॅगझिनमध्ये एकच गोळी. पहिल्या गोळीच्या आवाजाने ती दचकली, दुसरीला कमी, पाचवीला श्वास सोडून चाप दाबला आणि कागदावर मध्याजवळ भोक पडलं. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते नवऱ्याने काचेतून बघितलं हे बरं झालं.

मग 642. याचा चाप बारा पाउंडांच्या आसपास, म्हणजे साडेपाच किलो. हत्यार 410 ग्रॅमचं आणि चापाला लागणारा जोर त्याच्या दहापटीहून जास्त; तो ओढता ओढता अख्खं रिव्हॉल्व्हर हलतं. तिने पहिली गोळी झाडली, ती कागदाच्या खालच्या कडेला गेली. झटक्याने आखूड दस्ता वर उसळून अंगठ्याच्या बेचक्यात बसला. दुसरी गोळी डावीकडे. तिसरीला तिने चाप अर्धा ओढून सोडून दिला. पुन्हा ओढला. ती कागदाबाहेर. चौथीआधी तिने डोळे मिटलेले मला बाजूने दिसले. पाचवी झाडायची गरज नाही म्हटलं, तरी तिने झाडली, मग सिलिंडर उघडून कवचं काढली, रिव्हॉल्व्हर टेबलावर ठेवलं आणि डाव्या हाताने उजवं मनगट धरून उभी राहिली. सात यार्डांवरचा कागद, पाच गोळ्या, त्यातल्या जेमतेम दोन उपयोगाच्या.

यात नवल काही नाही. गोळी तीच ठेवून हत्याराचं वजन निम्मं केलं की हाताला बसणाऱ्या झटक्याची ऊर्जा दुप्पट होते. वर नळी आखूड म्हणून नेम धरायची पुढची माशी आणि मागची खाच अगदी जवळजवळ. नेमातली केसाएवढी चूक कागदावर वीतभर होते. ही हत्यारं वाईट नाहीत. वर्षानुवर्षं सराव केलेले लोक ती सुरेख चालवतात. पण ज्याच्यावर शिकता येत नाही आणि ज्याच्यावर सराव करावासा वाटत नाही, ते पर्समध्ये किती छान मावतं याला अर्थ उरत नाही.

एलसीपी त्याहून हलकं, 270 ग्रॅमच्या आसपास. करंगळीला धरायला जागाच नाही. तिने दोन गोळ्या झाडल्या आणि परत दिलं.

खरी तुलना शेवटच्या दोघांत होती. पी365 एक्सएल 9 एमएमचं, 12 गोळ्यांचं मॅगझिन, वजन सुमारे 585 ग्रॅम. शील्ड ईझी मी .380 मधलं ठेवलं होतं, 8 गोळ्यांचं, सुमारे 525 ग्रॅम. .380 ची गोळी व्यासाला 9 एमएमएवढीच, पण काडतुसाचं कवच 19 ऐवजी 17 मिलिमीटर लांब, दारू कमी, झटका कमी. छोटी गोळी म्हणजे स्लाइड आपोआप हलकी असं मात्र नाही. .380 ची कित्येक जुनी पिस्तुलं अशा रचनेची असतात की नळी आणि स्लाइड एकमेकांत अडकतच नाहीत, मागे येणारी स्लाइड फक्त जाड स्प्रिंगने रोखलेली असते, आणि ती ओढताना चांगल्या पुरुषांची दमछाक होते. ईझीमध्ये नळी अडकते, म्हणून स्प्रिंग नरम ठेवता येते.

दोन्ही पिस्तुलांनी सात यार्डांवर तिच्या पाचही गोळ्या कागदी थाळीत बसल्या. एक्सएलने थोड्या जास्त घट्ट, खरं तर. माझा स्वतःचा कल कायम 9 एमएमकडे असतो: काडतुसं स्वस्त, निवड भरपूर, आणि स्वसंरक्षणाची पोकळ टोकाची गोळी पुरेशी खोल जाण्याची आणि फुलण्याचीही खात्री जास्त. .380 मध्ये बऱ्याचदा या दोन्हींतलं एकच नीट साधतं. हे मी तिला झाकून न ठेवता सांगितलं.

ठरवलं मात्र तिने, आणि तिच्या धंद्यातल्या कसोटीने. रुग्णाला नवा व्यायाम दिला की दुसऱ्या दिवशी दुखतंय का हे विचारायचं, त्यावर पुढचा डोस ठरवायचा. तिने एक दिवस फक्त एक्सएल चालवलं, एक दिवस फक्त ईझी. एक्सएलच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप उचलताना अंगठ्यात कळ आली आणि रुग्णाच्या खांद्यावर दाब देता येईना. ईझीनंतर नाही. "हात माझं पोट भरतो," ती म्हणाली. "महिन्यातून दोनदा सराव करायचा असेल तर मला दुसऱ्या दिवशी कामावर जाता आलं पाहिजे." याच्यापुढे माझ्या 9 एमएमच्या कलाला काय अर्थ? दुखतं म्हणून कपाटात पडून राहिलेल्या 9 एमएमपेक्षा महिन्याला दोनदा चालवलेलं .380 हजारपटीने बरं.

ईझीची एक खोड तिला कळायला हवी होती. त्याच्या दस्त्याच्या मागे दाबली जाणारी एक कळ असते. मूठ पूर्ण आवळली नाही तर पिस्तूल उडत नाही. अंगठा सांभाळायच्या नादात तिने एकदा मूठ सैल धरली आणि चाप नुसताच मागे आला. त्यावर उपाय सरावाचाच. घरी, खोलीत एकही जिवंत काडतूस नसताना, डमी काडतुसं घालून, भिंतीकडे तोंड करून, रोज थोडा वेळ नुसती मूठ बसवायची.

नवऱ्याने या सगळ्याला हरकत घेतली नाही. फक्त एकदा म्हणाला, "पण ताई, हे पर्समध्ये जड होईल." पर्समध्ये ठेवायचंच नाही, मी म्हटलं. 2014 च्या डिसेंबरअखेरीस आयडाहोतल्या हेडन गावी वॉलमार्टमध्ये एका आईच्या पर्समधून तिच्या दोन वर्षांच्या मुलाने पिस्तूल काढलं आणि आई जागीच गेली. ती पर्स खास पिस्तुलासाठीच बनवलेली, चेनचा वेगळा कप्पा असलेली होती. यांचं मूल पाच वर्षांचं. आपल्याकडे मुलं आईच्या पर्समध्ये गोळ्या-चॉकलेटं शोधतात, आजी पर्समधून किल्ल्या काढते, मैत्रीण टिश्यू. पर्स खुर्चीला टांगलेली राहते, गाडीत राहते, हिसकावलीही जाते. शस्त्र अंगावर किंवा कुलपात, तिसरी जागा नाही.

अंगावर म्हणजे कुठे, हा प्रश्न कुर्ता-लेगिंग घालणाऱ्या बाईला जीन्सवालीपेक्षा अवघड. होल्स्टरला, म्हणजे पिस्तुलाच्या म्यानाला, कडक पट्टा लागतो. लेगिंगच्या इलॅस्टिकवर अर्ध्या किलोचं वजन लटकलं की सगळंच खाली घसरतं. बऱ्याच पट्ट्या बघून झाल्यावर तिने पोटावर बांधायचा रुंद पट्टा घेतला, ज्यात चाप पूर्ण झाकणारं कडक प्लास्टिकचं कवच आहे. कापडी खिशात नुसतं खुपसलेलं पिस्तूल मी माझ्या वर्गात चालवून घेत नाही. चाप झाकलेलाच हवा. वर सैल कुर्ता, मग काही दिसत नाही. साडीवर नाही. साडीच्या दिवशी पिस्तूल तिजोरीत.

आणि साडीचे दिवस बहुतेक मंडळाचे असतात, तिथेही हाच नियम लागतो. इथली कित्येक मराठी मंडळं गणेशोत्सव आणि दिवाळीचे कार्यक्रम शाळेचं सभागृह भाड्याने घेऊन करतात. शाळेच्या इमारतीत परवानाधारकालाही शस्त्र नेता येत नाही, आणि तो गंभीर गुन्हा धरतात. आरतीला आलोय, शाळेत नाही, हे पोलिसांना सांगून उपयोग नाही.

2021 च्या सप्टेंबरपासून टेक्सासमध्ये 21 वर्षांवरच्या पात्र माणसाला परवान्याशिवायही अंगावर पिस्तूल बाळगता येतं. मग एलटीसी कशाला, असं तिने विचारलं. कारण ती रोज मुलाला शाळेत सोडते. शाळेपासून हजार फुटांच्या आत भरलेलं पिस्तूल बाळगायला संघराज्याचा कायदा त्या राज्याचा परवाना मागतो, आणि शहरात हजार फुटांत शाळा नाही असा रस्ता सापडणं कठीण. परवान्याची चाचणी तिने ईझीवरच दिली: 3, 7 आणि 15 यार्डांवरून मिळून 50 गोळ्या, 250 पैकी 175 गुण लागतात. तिला बरेच जास्त मिळाले.

आता जी गोष्ट दोघांनाही सगळ्यात जड गेली ती. हे सगळं सुरू झालं ते कामावरच्या भीतीतून, आणि कामावरच तिला पिस्तूल नेता येत नाही. तिच्या संस्थेच्या नियमात रुग्णाच्या घरी शस्त्र न्यायला स्पष्ट मनाई आहे, तशी बहुतेक ठिकाणी असते. टेक्सासचा कायदा नोकरदाराला मालकाच्या पार्किंगमध्ये स्वतःच्या कुलूपबंद गाडीत शस्त्र ठेवू देतो, पण तिचं कामाचं ठिकाण म्हणजे दिवसभरात बदलणाऱ्या परक्या गल्ल्या. अंगावरचं पिस्तूल प्रत्येक घरापुढे काढून गाडीत ठेवायचं, परत घालायचं, म्हणजे दिवसातून दहा-बारा वेळा गाडीत बसून भरलेलं हत्यार हाताळायचं. चुकून गोळी सुटते ती अशाच वेळी. आणि गाडी फोडून पिस्तूल चोरीला गेलं तर ते कुणाच्या हातात जाईल? मी तिला सरळ सांगितलं की मी असते तर कामाच्या दिवशी नेलं नसतं.

नवरा यावर बराच वेळ गप्प होता. मग कामाच्या दिवसांसाठी वेगळी तजवीज झाली. किल्ल्यांच्या जुडग्यात पेपर स्प्रे, जो टेक्सासमध्ये विनापरवाना चालतो. तोही संस्थेला विचारून. फोनवर दोघांचं ठिकाण एकमेकांना दिसतं. लांबच्या गावांतल्या भेटी तिने संस्थेशी बोलून सकाळी घेतल्या, आणि माझ्या मते यादीतली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच आहे. त्या रात्री गॅस स्टेशनच्या उजेडात थांबून तिने जे केलं ते पिस्तूल असतं तरी तसंच करायला हवं होतं, हेही मी तिला सांगितलं. पिस्तूल आता घरासाठी, आणि सुट्टीच्या दिवशी मुलाला घेऊन ती एकटी लांब जाते तेव्हासाठी.

घरी बोटाने आकडे दाबून उघडणारी छोटी तिजोरी भिंतीला बोल्टने ठोकली. टेक्सासमध्ये 17 वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागेल असं भरलेलं शस्त्र ठेवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. आणि या घरात आणखी एक बाब होती. सासूबाई दर वर्षी व्हिजिटर व्हिसावर सहा महिने येतात. म्हणजे त्याही नॉन-इमिग्रंट, आणि तिजोरीचा आकडा त्यांना माहीत असणं म्हणजे शस्त्र त्यांच्या ताब्यात असल्यासारखं धरलं जाऊ शकतं. आईला सांगायचं कसं, यावर नवरा अडला होता. सांगितलं सुनेनेच: "आई, या पेटीचा नंबर तुम्हाला सांगत नाहीये. सांगितला तर तुम्हाला कायद्याचा त्रास होईल." सासूबाई म्हणाल्या, मला कशाला हवाय, देवघरापासून लांब ठेवा म्हणजे झालं. घरी जेवायला येणाऱ्या एच-1बीवरच्या मित्रांनाही "बघू दे ना" म्हटलं तरी हातात द्यायचं नाही, हे नवऱ्याने कबूल केलं.

दोन सवयी मी तिच्याकडून लिहून घेतल्यासारख्या पक्क्या करून घेतल्या. रेंजवरून आल्यावर गार पाणी आणि साबणाने हात धुतल्याशिवाय, कपडे बदलल्याशिवाय मुलाला जवळ घ्यायचं नाही आणि डब्याला हात लावायचा नाही. गोळीबाराच्या धुरातून शिसं हातावर बसतं आणि आपण हाताने जेवणारी माणसं. दुसरी, रेंजची बॅग वेगळी, ती भारताच्या प्रवासाला कधीही न्यायची नाही. कप्प्यात राहिलेलं एक जिवंत काडतूस मुंबई विमानतळावर सापडलं तर शस्त्र कायद्याखाली पोलीस केस होते, आणि "चुकून राहिलं" हे सिद्ध करण्यात सुट्टी संपते.

642 चे पैसे दुकानाने परत केले. वाढदिवसाला नवऱ्याने तिला कानावरचे चांगले इलेक्ट्रॉनिक मफ दिले, ज्यांतून बोलणं ऐकू येतं आणि गोळीचा आवाज दबतो, आणि स्वतः माझ्या वर्गात नाव घातलं. तिचा अंगठा सध्या पट्टीत आहे, इंजेक्शन घ्यायचं की नाही हे ठरतंय. बरा झाला की पी365 एक्सएल पुन्हा चालवून बघायचं, दुसऱ्या दिवशी चहाचा कप कसा उचलला जातो ते बघायचं, आणि मग ईझी ठेवायचं की बदलायचं ते तिने ठरवायचं, असं आमचं बोलणं झालंय.